कुर इर?

लाटव्हियन भाषेत मी स्वतः जुळवलेले पहिले वाक्य मिठासाठी होते. लाटव्हियाच्या रीगा शहरात, दाउगावा नदीच्या डाव्या तीरावर, आगेन्स्काल्न्स नावाची जुन्या लाकडी घरांची वस्ती आहे. तिथल्या एका घराचा वरचा मजला माझ्या मुलाने भाड्याने घेतला होता आणि खालचे स्वयंपाकघर घरमालकीणबाईंचे व आमचे सामायिक होते. मुलगा सकाळी कामावर गेला की घरात आम्ही दोघीच उरत असू. त्यांना लाटव्हियन, रशियन आणि थोडी जर्मन येत होती. मला मराठी, हिंदी आणि इंग्रजी. तिसऱ्या दिवशी डाळ शिजत असताना मी शब्दकोश उघडून विचारले, 'कुर इर साऽल्स?' 'कुर' म्हणजे कुठे, 'इर' म्हणजे आहे आणि 'साऽल्स' म्हणजे मीठ. त्यांनी बशी पुसता पुसता, मान न वळवता उत्तर दिले, 'स्कापी.' मी पुन्हा शब्दकोश उघडला. 'स्कापी' असा शब्द त्यात नव्हता. 'स्कापिस' होता, त्याचा अर्थ कपाट असा दिलेला होता, पण या दोन शब्दांचे नाते माझ्या लक्षात येईपर्यंत डाळ उतू गेली होती आणि बाईंनी स्वतःच कपाट उघडून मिठाची बरणी माझ्यापुढे ठेवली होती.

त्या दिवशी मला जे कळले, ते पुढचे दहा महिने पुरले. लाटव्हियनमध्ये एखादी वस्तू कुठे आहे हे विचारायला दोन शब्द पुरतात. दिलेले उत्तर समजून घ्यायला मात्र त्या भाषेचे अर्धे व्याकरण अंगवळणी पडावे लागते, कारण उत्तर वेगळ्या शब्दात येत नाही. ते नामाच्या शेवटच्या स्वरात बसलेले असते.

मी नाशिकच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षे मराठी शिकवले. 'सप्तमी: त, ई, आ' हे मी इतक्या वर्गांकडून म्हणवून घेतले आहे की झोपेतही म्हणेन. लाटव्हियन मुलेही शाळेत विभक्ती शिकतात, पण त्यांची ओळख प्रश्नांवरून करून दिली जाते. 'कास?' म्हणजे कोण किंवा काय, ही पहिली, 'काम?' म्हणजे कोणाला, ही चतुर्थीसारखी, 'को?' ही द्वितीयेसारखी, 'आर को?' म्हणजे कशाने किंवा कोणाबरोबर, ही तृतीयेसारखी. आणि आपण जिला सप्तमी म्हणतो, त्या 'लोकातीव्स' विभक्तीचा प्रश्न आहे 'कुर?', म्हणजे कुठे. संपूर्ण विभक्तीच 'कुठे' या एका प्रश्नाचे उत्तर म्हणून मुलांच्या मनात रुजते. मला ही पद्धत फार आवडली. आम्ही प्रत्यय आधी पाठ करून घेतो आणि अधिकरणाचा अर्थ मागाहून सांगतो. तिथे मूल आधी विचारते आणि उत्तर देता देता प्रत्यय शिकते. पुन्हा वर्गात उभे राहायची वेळ आली, तर मी सप्तमी अशीच शिकवीन.

आता त्या शेवटच्या स्वराविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण माझी खरी अडचण तिथेच होती. शहराचे नाव 'रीगा', त्यातला शेवटचा 'आ' आखूड. 'रीगात' म्हणायचे असेल तर तोच 'आ' लांबवायचा: 'रीगाऽ'. नदी म्हणजे 'उपे', नदीत म्हणजे 'उपेऽ'. बाजार म्हणजे 'तिर्गुस', बाजारात म्हणजे 'तिर्गू'. किल्ला म्हणजे 'पिल्स', किल्ल्यात म्हणजे 'पिली'. लिहिताना लांब स्वरावर एक आडवी रेघ देतात, तिला 'गारुमझीमे' म्हणतात, म्हणजे शब्दशः लांबीची खूण. देवनागरीत शेवटच्या आखूड 'आ'साठी अक्षर नाही, म्हणून माझ्या वहीत मी लांब स्वरापुढे अवग्रह देत असे आणि इथेही तसाच दिला आहे.

मराठी कानाला हे अवघड का जाते, याचा मी पुष्कळ विचार केला. आपल्या शुद्धलेखनाचा नियमच आहे की शब्दाच्या शेवटी येणारा इकार आणि उकार दीर्घ लिहावा. 'आणि', 'परंतु' असे मोजके अपवाद सोडले तर शेवटी ऱ्हस्व लिहायचे नाही. म्हणजे मराठीत शब्दाच्या शेवटी स्वराची लांबी अर्थ बदलत नाही. ती ठरलेली असते, त्यामुळे कान तिकडे लक्ष देत नाहीत. लाटव्हियनमध्ये त्याच जागी सगळा अर्थ असतो. शिवाय त्या भाषेत आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो, त्यामुळे 'रीगाऽ'मधले ठासून उच्चारले जाते ते 'री', आणि जो स्वर ठिकाण सांगतो तो आघाताशिवाय, हलकेच लांबून संपतो. बाई बोलत तेव्हा मला प्रत्येक शब्दाची सुरुवात ऐकू येई आणि शेवट वाऱ्यावर जाई. वस्तू मला समजत असे, तिची जागा निसटत असे.

बाईंना मी 'कुंद्झे' म्हणत असे. आपल्याकडच्या 'बाई'सारखे ते आदराचे संबोधन आहे. मी शिक्षिका होते हे कळल्यावर त्या मला 'स्कोलोताय' म्हणू लागल्या. शिक्षिका म्हणजे 'स्कोलोताऽया', आणि हाक मारताना तिचा शेवटचा स्वर गळतो. माझ्या वर्गातली मुले जशी 'बाई' म्हणत, तशीच तीही हाक होती, आणि परदेशात, वयाच्या साठीनंतर, ती पुन्हा कानावर पडणे मला फार मोलाचे वाटले. आम्ही दोघी एकमेकींना शेवटपर्यंत 'यूस' म्हणजे 'तुम्ही' असेच म्हणत राहिलो.

दुपारच्या चहाच्या वेळी त्या माझा सराव घेत. टेबलावरची एक एक वस्तू उचलून कुठेतरी ठेवायची आणि मला विचारायचे. चमचा कुठे आहे? 'आत्विल्क्तनेऽ', खणात. लोणी कुठे आहे? 'लेदुस्स्कापी', फ्रीजमध्ये; शब्दशः बर्फाच्या कपाटात. भांडे कुठे आहे? 'प्लाउक्ताऽ', फळीवर. हे शेवटचे मला खटकले, कारण फळीवर वस्तू असते, फळीत नसते, पण लाटव्हियनला फळी ही वस्तू सामावून घेणारी जागा वाटते, त्यामुळे तिथे सप्तमीच येते. टेबलासाठी मात्र 'उझ गाल्दा' म्हणजे टेबलावर, असे वेगळे शब्दयोगी लागते. कोणती जागा आपल्यात घेते आणि कोणती नुसती आधार देते, हे प्रत्येक भाषा आपल्या मनाने ठरवते. आपणही 'झाडावर पक्षी' म्हणतो आणि 'झाडात कावळ्याचे घरटे' म्हणतो. त्यामागचा विचार मी कधी केला नव्हता.

एका संध्याकाळी दार वाजले. शेजारच्या आजी बाईंना शोधत आल्या होत्या. बाई माडीवर कपडे वाळत घालत होत्या. मी उत्साहाने सांगितले, 'विन्या इर मायाऽ', म्हणजे त्या घरात आहेत. 'माया' म्हणजे घर, हे मला आले होते, आणि नियमाप्रमाणे शेवट लांबवलाही होता. आजी हसल्या आणि म्हणाल्या, 'मायाऽस.' मला वाटले, शब्द चुकला. बाई खाली आल्यावर त्यांनी समजावले, आणि समजावताना जे उदाहरण दिले ते मी विसरणार नाही. चोरसुद्धा 'मायाऽ' असू शकतो, त्या म्हणाल्या, पण 'मायाऽस' तोच असतो ज्याचे ते घर आहे.

मी चहाचा पेला तसाच हातात धरून बसले. हा भेद माझ्या मातृभाषेत अगदी याच जागी आहे. चोर घरात शिरतो, घरी शिरत नाही. 'बाबा घरी आहेत का?' असे आपण विचारतो. 'बाबा घरात आहेत का?' असे विचारले तर ते अंगणात आहेत की आत, एवढेच विचारलेले असते. 'घरात' म्हणजे चार भिंतींच्या आत, आणि 'घरी' म्हणजे आपल्या जागी. लाटव्हियनने त्यासाठी अनेकवचनाचे रूप घेतले, आपण संस्कृतातल्या 'गृहे'चा वारसा सांगणारा 'ई' घेतला. मार्ग वेगळे, गरज एकच. आणखी एक गोष्ट मला नंतर वाचताना कळली. 'घरात'मधला 'त' हा 'आंत' या शब्दाचा झिजलेला अवशेष मानतात. लाटव्हियन ज्यांपैकी एक आहे, त्या बाल्टिक भाषांच्या सप्तमीतही 'आत' या अर्थाचा एक छोटा शब्द नामाच्या मागे चिकटून त्यात विरघळून गेला, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. 'आत' हा शब्द दोन्हीकडे शब्दाच्या आत शिरला आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. लाटव्हियनमध्ये 'दिएव्स' म्हणजे देव, 'उगुन्स' म्हणजे अग्नी, 'मेदुस' म्हणजे मध, 'वीर्स' म्हणजे पुरुष, आणि 'कुर'मधला 'क' हा 'कुत्र', 'क्व', 'कुठे' यांतल्या 'क'चाच भाऊ आहे. हे पाहून आपल्याकडे कोणीतरी लगेच म्हणते की ती भाषा संस्कृतातून निघाली. तसे नाही, आणि तसे म्हणणे त्या भाषेवर अन्याय करणारे आहे. दोन्ही भाषा एका फार जुन्या घरातून वेगवेगळ्या वाटांनी निघाल्या, आणि लाटव्हियनने आपली वाट स्वतः चालली. सुमारे १५ लाख लोकांची ती मातृभाषा आहे, म्हणजे एकट्या नाशिक शहराच्या लोकसंख्येएवढीसुद्धा नाही म्हटले तरी चालेल. तरीही तिने आपली विभक्ती, आपले लांब-आखूड स्वर शाबूत ठेवले, याचा मला आदर वाटतो.

घराबाहेर प्रश्न तोच, पण उत्तरे वेगळी. रीगाचा मध्यवर्ती बाजार १९३० मध्ये सुरू झाला. पहिल्या महायुद्धात कुर्झेम प्रांतातल्या वाइन्योदे येथे झेपेलिन या प्रचंड हवाई जहाजांसाठी हँगर उभारले होते; त्यांच्या लोखंडी सांगाड्यांचा वापर करून या बाजाराच्या मोठ्या मंडपांची छते केली. असे पाच मंडप आहेत, आणि मासे, मांस, भाज्या, दूधदुभते यांची ठिकाणे वेगवेगळी आहेत. तिथे मी 'कुर इर बिएझपिएन्स?' असे विचारत फिरले. 'बिएझ' म्हणजे घट्ट आणि 'पिएन्स' म्हणजे दूध. आपल्या छेन्याच्या जवळचा पदार्थ आहे. एका भाजीवालीने बोट दाखवून म्हटले, 'पिएना पाविल्योनाऽ', दुधाच्या मंडपात. तो लांबलेला 'आ' मला या वेळी स्पष्ट ऐकू आला, आणि त्या गजबजाटात मला अगदी शांत वाटले.

रस्त्यावर विचारताना नुसते 'कुर इर' म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून बाईंनी मला एक लांब वाक्य शिकवले: 'वाइ यूस नेझिनात, कुर इर पिएतुरा?' पिएतुरा म्हणजे बसचा किंवा ट्रामचा थांबा, आणि वाक्याचा अर्थ, 'तुम्हाला ठाऊक नाही का, थांबा कुठे आहे?' नकारातून आर्जव करायची ही रीत मला शिकावी लागली नाही. आपणही 'जरा सांगता का'च्या जोडीला 'तुम्हाला माहीत नाही का हो?' म्हणतोच. उत्तरात येणारे शब्दही ओळखीचे निघाले. 'ते' म्हणजे इथे आणि 'तेपात' म्हणजे इथेच. 'तुर' म्हणजे तिथे आणि 'तुर्पात' म्हणजे तिथेच. आपला 'च' तिथे 'पात' झाला आहे. उजवीकडे म्हणजे 'पा लाबी', आणि 'लाबी' म्हणजे चांगले. आपणही एखाद्याला दुसऱ्यापेक्षा 'उजवा' म्हणतो आणि डावे-उजवे करतो. 'तेपात, पा लाबी' हे उत्तर मिळाले की मला ते मराठीतच ऐकल्यासारखे वाटे.

मजल्यांच्या बाबतीत मात्र ओळखीचा भास होऊन मी फसले. रक्तदाब तपासायला एका दवाखान्यात गेले, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी सांगितले, 'त्रेशायाऽ स्ताऽवाऽ', तिसऱ्या मजल्यावर. दोन्ही शब्दांचे शेवट लांबलेले मी बरोबर टिपले आणि समाधानाने तीन जिने चढले. तिथे एका बंद दारासमोर अर्धा तास बसून राहिले. लाटव्हियात आपला तळमजला हाच पहिला मजला असतो, त्यामुळे त्यांचा तिसरा तो आपला दुसरा. व्याकरण सगळे बरोबर होते. मोजणी कुठून सुरू करायची हे व्याकरणात लिहिलेले नसते.

वस्तू हरवल्यावर विचारायचा प्रश्न निराळा आहे, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. एकदा माझी छत्री सापडेना. मी 'कुर इर' म्हणणार इतक्यात बाई म्हणाल्या, 'कुर पालिका यूसु लिएत्सार्ग्स?' 'पालिक्त' म्हणजे राहणे, मागे उरणे. तुमची छत्री कुठे राहिली? हुबेहूब आपले वाक्य. आपणही हरवलेल्या वस्तूविषयी 'कुठे राहिली' म्हणतो, जणू ती आपल्याबरोबर चालत होती आणि वाटेत दमून थांबली. उशिरा येणाऱ्या माणसालाही आपण 'कुठे राहिलास?' म्हणतो, आणि तेही तसेच म्हणतात. छत्री ट्राममध्ये राहिली होती, ती पुन्हा मिळाली नाही. पण ते वाक्य मला मिळाले.

आमच्या वस्तीचा तो सगळा भाग 'पार्दाउगावा' म्हणून ओळखला जातो. 'पार' म्हणजे पार, पलीकडे, दाउगावापार. तिथून चालत गेले तर नदीकाठी राष्ट्रीय ग्रंथालयाची उंच, काचेची, डोंगराच्या उतारासारखी इमारत लागते. गुनार्स बिर्कर्ट्स या वास्तुविशारदाने तिची रचना केली, आणि लोक तिला 'गाइस्मास पिल्स', प्रकाशाचा किल्ला, म्हणतात. १८ जानेवारी २०१४ रोजी, ऐन हिवाळ्यात, सुमारे १४ हजार माणसे नदीच्या पलीकडच्या जुन्या इमारतीपासून या नव्या इमारतीपर्यंत रांगेत उभी राहिली आणि पुस्तके हातोहात पुढे देत त्यांनी ती नव्या घरी पोहोचवली. बाई त्या रांगेत होत्या. मी विचारले, 'कुर यूस स्ताऽवेऽयाऽत?', तुम्ही कुठे उभ्या होता? त्या म्हणाल्या, 'उझ तिल्ता.' पुलावर.

मला वाटले, त्या पुलाकडे चालल्या होत्या. 'उझ' या एका शब्दाने दोन कामे होतात: 'उझ तिल्ता' म्हणजे पुलावर आणि 'उझ तिल्तु' म्हणजे पुलाकडे. शेवटचा 'आ' की 'उ', एवढ्यावर उभे राहणे आणि चालणे वेगळे होते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून दाखवले: डावीकडून पुस्तक घ्यायचे, उजवीकडे द्यायचे, पाय मात्र जागच्या जागी. थंडीने बोटे वाकत नव्हती, त्या म्हणाल्या. मग मला समजले की 'तिल्ता'मधला 'आ' हा उभे राहण्याचा होता.

त्या ग्रंथालयात एक कपाट आहे, ते त्यांनी मला मुद्दाम दाखवायला नेले. 'दाइनु स्कापिस', लोकगीतांचे कपाट. क्रिश्याऽनिस बारोन्स यांनी लाटव्हियन लोकगीते जमवायला घेतली तेव्हा १८८० मध्ये हे कपाट करवून घेतले, आणि त्याच्या छोट्या छोट्या खणांत बोटभर लांबीच्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली अडीच लाखांहून अधिक गीते लावून ठेवली. २००१ मध्ये युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. सूतकताईचे गाणे कुठे, लग्नाचे कुठे, पोरक्या मुलीचे कुठे, प्रत्येकाची जागा ठरलेली. एका साध्या लाकडी कपाटापुढे मी इतका वेळ उभी राहीन असे मला वाटले नव्हते. ज्या शब्दाने तिसऱ्या दिवशी माझी डाळ उतू घालवली, तोच शब्द इथे एका समाजाच्या स्मृतीचे नाव होऊन बसला होता. बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, 'विस इर स्कापी.' सगळे कपाटात आहे.

मी परत आले तेव्हा हळदीचा अर्धा डबा तिथेच ठेवून आले. बटाट्याच्या रश्श्यात चिमूटभर हळद घालायची सवय बाईंना लागली होती. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी फोन वाजला. ख्यालीखुशाली झाली, रीगात पहिला बर्फ पडल्याचे त्यांनी सांगितले, आणि मग त्यांनी विचारले, 'स्कोलोताय, कुर इर कुरकुमा?' कुरकुमा म्हणजे हळद. मी नाशिकच्या स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी होते. डोळे मिटले तेव्हा ते कपाट समोर दिसले. 'स्कापी,' मी म्हणाले, 'आउग्शेऽयाऽ प्लाउक्ताऽ, आइझ साऽल्स.' कपाटात, वरच्या फळीवर, मिठाच्या मागे. प्रत्येक शेवट मी सावकाश लांबवला. पलीकडे कपाटाचे दार करकरले, बरणी सरकल्याचा आवाज आला, आणि मग त्यांचा.

'इर!'